उजवीकडून उघडणारं पुस्तक

आमच्या घरी ज्वारीचं पीठ सोलापूरहून यायचं. लखनौत ज्वारी मिळत नव्हती असं नाही, पण तिचं पीठ थापायला घेतलं की भाकरी कडेनं फाटायची आणि आई म्हणायची, ही गुरांना घालायची ज्वारी आहे. म्हणून दर महिन्या-दीड महिन्यानं रेल्वे पार्सलनं मांजरपाटाची एक पिशवी यायची. तोंड सुतळीनं शिवलेलं, आत आठ किलो पीठ आणि वर शेंगदाण्यांची पुडी. चिठ्ठी कधीच नसायची. पाठवणारा माझा श्रीधरकाका, बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवायचा. पीठ दळणारा त्याचा मित्र विनायक. त्याची स्वतःची गिरणी होती आणि काका त्याच्याच घरी राहायचा. बाबा त्या पिठाची भाकरी रोज रात्री दोन आणि रविवारी तीन खात, आणि त्या दोघांपैकी एकाशीही ते सात वर्षं अवाक्षर बोललेले नव्हते.

असं का, ते मला पक्कं माहीत होतं, कारण ते घडलं तेव्हा मी तिथे बसलेली होते. आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे सोलापूरला गेलो होतो. तेराव्याच्या गोड जेवणाची पंगत बसली, माझ्या एका बाजूला काका, त्याच्या पलीकडे विनायक. मी बारा वर्षांची. वरणभातावर तूप पडलं होतं, काकानं पहिला घास उचलला होता. नातेवाइकांत आधीपासून कुजबुज चाललेली होती, कुणीतरी बाबांच्या कानाशी लागलं, आणि बाबा पंगतीसमोर येऊन अगदी सभ्य आवाजात म्हणाले, "विनायकराव, ही घरच्यांची पंगत आहे. तुम्ही नंतर बसा." विनायक हात जोडून उठला. काकानं हातातला घास पानात परत ठेवला आणि तोही उठला. दोघं चपला घालून निघून गेले. ती दोन भरलेली पानं कुणी उचललीसुद्धा नाहीत, पंगत तशीच पुढे जेवली. भरल्या पानावरून माणूस उठवायचा नसतो हे मला आईनं मी तीन वर्षांची असल्यापासून सांगितलेलं होतं, मांजर जरी पानाजवळ आली तरी तिला हाकलायचं नसतं. त्यामुळे बाबांनी काय केलं ते मला समजलं. का केलं, ते समजायला बरीच वर्षं जायची होती.

काका म्हणजे माझा जीव होता. मी लहान असताना नोकरी शोधायला म्हणून तो दोन वर्षं आमच्याकडे लखनौला राहिला होता. त्याला नोकरी काही मिळाली नाही, पण मला चित्रं मिळाली. तो मला कडेवर घेऊन कॉलनीच्या फाटकाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, वैशू, सांग बघू, त्या रिक्षावाल्याच्या पाठीवरून कळतंय का तो दमलाय ते? चित्र नुसतं बघायचं नसतं बाळा, वाचायचं असतं. तो गेल्यावर घरातून एक आवाज कमी झाला. उरले ते कारखान्याचा भोंगा, बाबांचा आकाशवाणीचा रेडिओ आणि आईचा लोखंडी खलबत्ता. तो खलबत्ता शेजारच्या शुक्लाभाभींना चांगला ओळखीचा होता. त्या भिंतीपलीकडून विचारायच्या, भाभीजी, आज फिर चटनी? आणि आई इकडून, हाँ भाभी, भिजवाती हूँ. मग मी वाटी घेऊन जायची, आणि ती वाटी परत येताना तिच्यात गुझिया नाहीतर चण्याची बर्फी असायची. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे शुक्लाभाभी आईकडून शिकल्या की आई त्यांच्याकडून, देव जाणे.

पण त्या रीतीवरच आमच्या घराचा एक अख्खा धागा टिकून होता. सोलापूरची पिशवी आली की आई ती झटकून, धुऊन, वाळवून ठेवायची आणि आठवड्याभरात तीच पिशवी भरून परत पाठवायची. लखनौची रेवडी, गजक, हिवाळ्यात हिरव्या चण्याचं काहीबाही, एखादा चिकनच्या भरतकामाचा कुर्ता. भांडं रिकामं पाठवू नये, एवढंच ती म्हणायची, आणि यावर बाबांनाही काही बोलता यायचं नाही. उलट रविवारी सकाळी दाभण आणि सुतळी घेऊन पिशवीचं तोंड शिवायचे ते बाबाच. आईचे टाके त्यांना पसंत नव्हते. रेल्वेच्या कारखान्यातले इंजिनिअर ते, पार्सल कसं फुटतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. टाका ओढून बघायचे, गाठ मारायचे, आणि मग दाभण खाली ठेवून आत निघून जायचे. पत्ता आई लिहायची. 'श्रीधर' एवढं एकच नाव, खाली गिरणीचा पत्ता. पिशवी कुठे चाललीय हे बाबांनी कधी विचारलं नाही, वाचलंही नाही. माणूस किती विचित्र असतो बघा, आणि तो आपला बाप असला की त्या विचित्रपणालाच आपण घरची रीत समजतो.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी खरं तर हे प्रकरण लिहायला घेतलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला निगार भेटली. तिचं घर चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेत, तिच्या अब्बूंचा चिकनच्या कपड्यांचा व्यापार. ऑर्डरींसाठी त्यांच्याकडे कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं होतं, आणि दुपारी अब्बू दुकानावर गेले की ते आमच्या ताब्यात. निगारनं एके दिवशी दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "देख, किसी को बताना मत." मला वाटलं काय भयंकर दाखवतेय कोण जाणे. दाखवल्या त्या जपानी चित्रकथा. काळ्या-पांढऱ्या, आणि त्यात प्रेम करणारे दोघेही पुरुष. हा जपानात एक सबंध प्रकारच आहे, बायकांनी बायकांसाठी काढलेला, हे तिनं मला विद्वानासारखं समजावून सांगितलं. लखनौत ही पुस्तकं तेव्हा कुठून मिळणार? कुठल्या कुठल्या देशांतल्या मुली हौसेनं इंग्रजीत भाषांतर करून पानं इंटरनेटवर चढवत असत, आणि आम्ही ती फुकटात, म्हणजे खरं बोलायचं तर चोरूनच वाचत होतो. पुढे कमावती झाल्यावर मी त्यातली जमतील तेवढी विकत घेतली आणि मनावरचं ओझं थोडं उतरवलं. आज माझ्या कपाटाचे दोन खण त्यांनी भरलेत आणि माझी भाचरं ती सरळ सगळ्यांसमोर मागून नेतात, कसली लाज नाही की काही नाही. मला त्यांचा हेवा वाटतो.

पहिल्या दिवशी मी लाजून चूर झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग आठवड्यातून चार दुपारी आम्ही दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसून वाचायचो. बाहेरच्या खोलीत बायका कापडावर टाके घालत बोलत असायच्या, खालच्या गल्लीतून कुल्फीवाला ओरडत जायचा, आणि इथे आम्ही श्वास रोखून बघत असायचो की आता हा त्याचा हात धरतो की नाही. तीस पानं हात धरायला! आणि त्या तीस पानांत काही म्हणजे काही घडायचं नाही, पाऊस पडायचा, कोणीतरी किटली उतरवायचं, आणि मी मात्र निगारचं मनगट घट्ट धरून बसलेली असायची. मला ते इतकं का आवडायचं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. निगारनं त्याचं उत्तर तेव्हाच दिलं होतं, "यार, इसमें कोई सास नहीं है." हसू नका, खरं आहे ते. आमच्या दोघींच्याही घरी स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आम्ही पाहिलेल्या, ऐकलेल्या प्रत्येक प्रेमात शेवटी मुलीनं पदर सावरून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जायचं असायचं. इथे कुणीच कुणाची सून नव्हतं. दोघं थकून घरी यायचे आणि ज्याला आधी भूक लागेल तो भात लावायचा. प्रेम म्हणजे असंही असू शकतं, दोघांनी मिळून पोसलेलं, हे मला सांगणारं पहिलं माणूस माझ्या घरात नव्हतं, गावात नव्हतं, ते त्या पानांत होतं. त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

त्यातली एक कथा आम्हाला फार लाडकी होती. तिला आम्ही 'ट्रामवाला' म्हणायचो. एक ट्राम चालवणारा, पस्तिशीतला, अबोल. एक दातांचा डॉक्टर, रोज सकाळी एकाच थांब्यावर त्याच्या ट्राममध्ये चढणारा. पहिल्या पानावर दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत, डॉक्टर थांब्यावर छत्री घेऊन उभा आहे आणि ट्राम भरलेली म्हणून न थांबता निघून जाते. मग ट्रामवाल्याची दाढ दुखायला लागते आणि एवढा मोठा गडी दवाखान्याच्या पायरीवरून तीनदा परत जातो. असं करत करत, भांडत, समजूत काढत, शेवटच्या प्रकरणात ते दोघं एका लहानशा घरात राहायला येतात. मागच्या अंगणात मुळे लावतात. अगदी शेवटच्या पानावर दोघं जेवायला बसलेत, डॉक्टर माशातला काटा काढून तो तुकडा ट्रामवाल्याच्या वाटीत ठेवतोय, दोघांचंही लक्ष खिडकीबाहेर आहे. बस, एवढंच. ते पान मी पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम सोलापूरची पंगत आली. पानं वाढली जात असताना विनायकनं आपल्या पानातली लिंबाची फोड उचलून काकाच्या पानात ठेवली होती, न बघता, बोलता बोलता. काकाला दोन फोडी लागायच्या. मी निगारला म्हटलं, थांब जरा. आणि मी तिथे, चिकनच्या गठ्ठ्यांमध्ये बसून, रडले. सात वर्षं मला वाटत होतं की काकाचा मित्र पंगतीतून उठवला गेला. मित्र कसला. बाबांनी काकाच्या घरच्या माणसाला उठवलं होतं.

तेव्हाच मी ठरवलं की ही कथा काकाला पाठवायची. दुसरं काय पाठवणार होते मी? पत्रात लिहायला मला शब्द नव्हते, मराठीत तर नव्हतेच. मी बोलायची हिंदीतच, बाबा ओरडायचे, घरात मराठी बोल म्हणून. पण काकाला चित्र वाचता येतं. आम्ही दोन दुपारी खपून सगळी पानं छापली. मुखपृष्ठ तेवढं छापलं नाही, त्यावर दोघं जरा जास्तच जवळ उभे होते आणि बांधणी करणाराला ते दाखवायची आमची हिंमत नव्हती. बांधणी करायची निगारच्या खालूजाननी, म्हणजे तिच्या मावशीच्या नवऱ्यानं. चौकातल्याच एका गल्लीत त्यांचं जिल्दसाजीचं दुकान होतं, खळीचा वास येणारं, एवढंसं. मी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि चाचरत सांगायला लागले की हे पुस्तक जरा वेगळं आहे, हे उलटीकडून उघडतं, म्हणजे बांधणी उजव्या बाजूला यायला हवी, चालेल ना? खालूजान चष्म्यावरून बघत राहिले आणि मग हसले. "बिटिया, हमारे यहाँ तो सब इसी तरफ़ से खुलती हैं." उर्दू पुस्तकं बांधण्यात जन्म गेलेला माणूस तो, मी त्याला काय शिकवत होते! सगळ्या लखनौत माझं पुस्तक सरळ कसं धरायचं हे न सांगता कळलेला तो एकच माणूस.

पानं जुळवताना त्यांनी अर्थातच सगळी बघितली. मी घाबरून निगारच्या मागे उभी. शेवटचं पान ठेवून त्यांनी गठ्ठा ठोकून सारखा केला आणि मान वर न करता विचारलं, "दोनों की निभ गई?" मी म्हटलं, जी, निभ गई. "बस," ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोन दिवसांनी हिरव्या कापडाची जिल्द घातलेलं पुस्तक माझ्या हातात आलं, दोन्हीकडून सारखंच, कुठेही एक अक्षर नाही. पैसे घेतले नाहीत. निगारची सहेली म्हणजे घरची मुलगी, म्हणाले. आता ते नाहीत. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. तिथून जाताना मी अजूनही क्षणभर थांबते.

पिशवी आईनं शनिवारी भरून ठेवली होती. रविवारी सकाळी मी रेवडीचे डबे उचलून पुस्तक अगदी तळाशी ठेवलं, वर डबे, त्यावर कुर्ता, आणि निश्चिंत मनानं निगारकडे निघून गेले. बाबा काय, तोंड शिवतील आणि झालं, असा माझा हिशेब. पण ज्या माणसानं जन्मभर वॅगनवर माल नीट लादला आहे की नाही तेच पाहिलं, त्यानं पिशवी हातात उचलली असणार, तळ एका बाजूला कलतोय हे त्याला जाणवलं असणार, आणि त्यानं सगळं बाहेर काढून पुन्हा भरायला घेतलं असणार. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. चारच्या सुमारास मी घरी आले तर घर गप्प होतं. रेडिओ बंद. आई खलबत्त्यासमोर बसलेली, पण कुटत नव्हती. तिनं नुसती मान व्हरांड्याकडे केली आणि हळूच म्हणाली, "दुपारपासून वाचताहेत. काय आहे गं त्यात?"

मी तशीच तिकडे गेले. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बाबा बसले होते, मांडीवर हिरवं पुस्तक, शेजारी पिशवीचं सामान रांगेत मांडून ठेवलेलं. माझ्या मनात सगळं येऊन गेलं. आता कॉलेज बंद, निगार बंद, पुढल्या महिन्यात कुठल्यातरी स्थळाला होकार. आणि त्याहून वाईट म्हणजे ही पिशवीही बंद, आणि ती बंद करायचं कारण मी. आईनं सात वर्षं एक शब्द न बोलता जपलेला धागा माझ्या हातून तुटणार होता. बाबांनी मला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं. आवाज चढलेला नव्हता. मग पुस्तकाकडेच बघत त्यांनी जे विचारलं ते मी कधीच विसरणार नाही.

"हे दोघं वेगळे का झाले?"

बाबांनी पुस्तकाचं एक पान माझ्यापुढे धरलं. "सुरुवातीला चांगले एका घरात आहेत. मुळे लावलेत. एकमेकांना जेवायला वाढतात. मग हळूहळू भांडायला लागतात, घर सोडतात, मग नुसती दवाखान्यातली ओळख राहते, आणि शेवटी तर ओळखसुद्धा नाही. तो थांब्यावर उभा आणि हा गाडी घेऊन निघून गेला, थांबलासुद्धा नाही. संवाद मला नीट लागले नाहीत, उत्तर आधी आणि प्रश्न मागून, परदेशी पद्धत असेल. पण चित्रं कळतात. कोणी काय केलं असं त्यांना?" मग जरा थांबून म्हणाले, "हे तू श्रीधरला पाठवत होतीस. मला सांगायचं होतं का ते?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबांनी पुस्तक डावीकडून उघडलं होतं, आपण सगळे उघडतो तसं. दोन्हीकडून सारखी हिरवी जिल्द, त्यांना कोण सांगणार? शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत, तीन तास, एक एक पान करून त्यांनी एक घर मोडताना पाहिलं होतं. मला हसू आलं, देवाशपथ सांगते, घशापर्यंत आलं. आणि त्याच क्षणी मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. माझे बाबा रडणाऱ्यांतले नव्हते, पण त्यांची हनुवटी हलत होती. मला वाटलं, राहू दे असंच. लागलंय त्यांना, लागू दे, सात वर्षांनी एकदाचं लागलंय. मी गप्प बसले असते तर त्यांनी ते स्वतःवर ओढून घेतलं असतं, आणि ते वाजवीच झालं असतं. पण ते पुस्तक तसं नव्हतं. ज्या बाईनं ते काढलं तिनं ते दोघं वेगळे व्हावेत म्हणून नव्हतं काढलं. आणि मला बाबांना शिक्षा करायची नव्हती, मला ते शेवटचं पान त्यांना दाखवायचं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही शेवटाकडून वाचलंत. हे उजवीकडून सुरू होतं."

त्यांनी पुस्तक फिरवलं. मिटलं, पुन्हा उघडलं. पहिल्या पानावरचा थांब्यावर उभा असलेला डॉक्टर बघितला. मग चटकन दुसऱ्या टोकाला जाऊन ते जेवणाचं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. "म्हणजे हे घर शेवटी आहे?"

"हो."

"आधी ओळख नसते, आणि मग घर होतं?"

"हो, बाबा."

ते म्हणाले, पुन्हा बघतो. आणि त्यांनी खरोखर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, पानावरच्या चौकटीसुद्धा उजवीकडून डावीकडे वाचायच्या, हे मी शेजारी बसून बोटानं दाखवत होते. सगळं वाचलं त्यांनी. ट्रामच्या चालकाची जागा आली तेव्हा चष्मा वर करून म्हणाले, ब्रेकचा दांडा बरोबर काढलाय, काढणारा अभ्यासू दिसतो. दाढेच्या प्रकरणात हसले. आई दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा तो गार झाला. उन्हं व्हरांड्यातून अंगणात उतरली तेव्हा ते पुन्हा जेवणाच्या पानावर आले आणि या वेळी तिथेच थांबले. नंतर ते उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मला पाठच दिसत होती, पण ऐकू आलं. "भरल्या पानावरून उठवलं मी त्याला," ते म्हणाले. आई म्हणाली, "हो. उठवलंत." एवढंच. तिनं ना त्यांची समजूत घातली, ना सात वर्षांचा पाढा वाचला. थोड्या वेळानं खलबत्त्याचा आवाज सुरू झाला.

बाबांनी पिशवी पुन्हा भरली, पुस्तक मध्ये, दोन्ही बाजूंनी रेवडी, म्हणजे कोपरे दुमडायला नकोत. त्याआधी उजवीकडच्या पुठ्ठ्यावर, कारखान्यातल्या खोक्यांवर लिहितात तशा जाड ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'या बाजूने उघडणे.' एक कागद आत टाकला, तो मी चोरून वाचला. 'दिवाळीला दोघे या. तिकिटे मी काढतो.' खाली नुसती सही. मग टाके घातले, गाठ मारली, आणि या वेळी दाभण खाली ठेवून आत गेले नाहीत. आईकडून पेन मागून घेतलं आणि मांजरपाटावर स्वतः पत्ता लिहिला. श्री. श्रीधर आणि श्री. विनायक, दोन नावं, एकाखाली एक.

त्यानंतर महिना गेला, दीड महिना गेला, सोलापूरहून काही आलं नाही. पिठाचा डबा खरवडून झाला. आई गव्हाच्या पोळ्या करायला लागली आणि बाबा त्या न बोलता खायला लागले. पार्सल ऑफिसात रोज संध्याकाळी चक्कर टाकायचे, आणि मी वर तोंड करून विचारायची नाही. मला वाटायला लागलं की उशीर झाला, काही पानं एकदा उष्टी टाकली की टाकलीच. दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन वाजला. आईनं उचलला, ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. काका एवढंच म्हणाला होता, वहिनी, या वेळी पार्सल करत नाही, पीठ घेऊन आम्हीच येतोय.

स्टेशनवर आम्ही तासभर आधी पोचलो. गाडीतून आधी काका उतरला, केस अर्धे पांढरे झालेले, आणि त्याच्या मागून विनायक, खांद्यावर ती मांजरपाटाची पिशवी. काका मला बघून हसला, पण पुढे आला नाही, बाबांकडे बघत उभा राहिला. बाबा त्याच्याजवळून सरळ पुढे विनायकपाशी गेले आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "पीठ पोचत होतं, विनायकराव," ते म्हणाले. "चांगलं असायचं." विनायक म्हणाला, वहिनींना बारीक लागतं म्हणून दोनदा काढत होतो. मग काकानं बाबांच्या पायाला हात लावला, आणि पुढचं मला नीट दिसलं नाही, माझेच डोळे भरले होते.

घरी आईनं पानं मांडली. वरणभात, तूप, लिंबाच्या फोडी, काकासाठी दोन. बाबा बसले नाहीत. आज मी वाढतो, म्हणाले, आणि खरंच कमरेला पंचा बांधून तुपाची वाटी घेऊन उभे राहिले. विनायक पाटावर बसला खरा, पण अवघडून, एक गुडघा जरा उचललेला, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं तसा. मला ते दिसलं. मला खात्री आहे, बाबांनाही दिसलं. भातावर तूप पडलं तरी त्याचा हात पानाकडे जाईना. बाबा त्याच्या पानासमोर उकिडवे बसले, आणखी एक चमचा तूप घातलं आणि म्हणाले, "विनायकराव, सावकाश होऊ द्या."

विनायकनं गुडघा खाली टेकवला आणि पहिला घास घेतला. त्या दिवशी बाबा सगळ्यात शेवटी जेवले.